बारा गुंठ्यांचे काका

आमच्या कॉलनीत पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष काका असतो, त्यामुळे नुसतं 'काका' अशी हाक मारली तर कुणीच वळून बघत नाही. म्हणून विशेषणं लागतात. पेपरवाले काका, गुडघेवाले काका, दोन कुत्र्यांचे काका. तसे हे प्लॉटवाले काका. नवख्या माणसाला वाटतं, गृहस्थ जमिनीच्या व्यवहारात असणार, पाथर्डी फाट्याला एकरभर आणि त्र्यंबक रोडला चार-सहा गुंठे राखून असणार. प्रत्यक्षात काकांच्या नावावर एक टू बीएचके, एक स्कूटर आणि पोस्टातली काही सर्टिफिकेटं आहेत. ज्या प्लॉटवरून त्यांना हे नाव पडलं, तो त्यांचा नाही. तो कुणाचा आहे, या एका प्रश्नावर काकांचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य उभं आहे.

लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पोरांनी खेळावं, म्हाताऱ्यांनी बसावं, चार झाडं असावीत, हा त्यामागचा विचार. जेल रोडचा आमचा लेआउट तीन एकरांचा, म्हणून ओपन स्पेस बारा गुंठे. नकाशात ती हिरव्या पेन्सिलने रंगवलेली आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी ओपन स्पेस तेवढ्याच हिरव्या राहतात. आमची मात्र पावसाळ्यात खरोखरच हिरवी व्हायची, गाजरगवताने. हे गवत 1950 च्या दशकात परदेशी गव्हातून देशात आलं असं मानतात, आणि त्याची सुरुवातीची नोंद पुण्यातली आहे. काका पक्के नाशिककर असल्यामुळे ही माहिती ते अतिशय समाधानाने सांगतात.

गवताखाली राडारोडा होता. घराचं नूतनीकरण केलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या जुन्या बाथरूमचा काही अंश कॉलनीला अर्पण केला होता. त्यातल्या गुलाबी टाइल्स कुणाच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कधी ना कधी प्रत्येकजण त्या घरी जेवून हात धुऊन आला होता. शिवाय फुटलेली सिंटेक्सची टाकी, गणपती मंडळाचे वासे, एक चाक नसलेला टेम्पो, आणि त्या टेम्पोत मांजरांची चौथी पिढी.

अशी जागा रिकामी असते हे फक्त म्हणायला. कॉलनीत कुणालाच ती रिकामी दिसत नव्हती. मास्तरांना तिथे वाचनालय दिसायचं, भजनी मंडळाला सभामंडप, दोन गाड्या आणि एक पार्किंग असलेल्यांना पार्किंग. एका भावी नगरसेवकांना वडिलांच्या नावाचं समाजमंदिर इतकं स्पष्ट दिसत होतं की त्यांनी पायऱ्यांचा उतारसुद्धा ठरवला होता. पोरांना तिथे सरळसरळ वानखेडे दिसायचं. आणि काकांना दिसायची बेवारस मालमत्ता. ती त्यांना बघवत नसे.

याचं कारण काकांच्या नोकरीत आहे. काका नाशिकरोडच्या प्रेसमधले. नोटा, पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर ज्या शंभर वर्षांच्या आवारात छापले जातात, तिथे त्यांची हयात गेली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सेवेत असताना रोज संध्याकाळी फाटकावर त्यांची झडती व्हायची. एखादा कागद मोजणीत कमी भरला की सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. इतक्या रकमा हाताखालून गेल्या, पण घरी येताना खिशात स्वतःचा रुमाल तेवढा. अशा माणसाची एक श्रद्धा तयार होते. जगातली प्रत्येक वस्तू मोजलेली असावी, वहीत चढवलेली असावी, आणि कुणाच्या तरी सहीने कुणाच्या तरी ताब्यात असावी. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काका गॅलरीत चहा घेऊन बसले, आणि समोर बारा गुंठे, मोजणी नाही, नोंद नाही, ताबा नाही. काकू म्हणतात, त्या दिवशी चहा निवला तो निवलाच.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकरी आजोबांचं. आजोबा वारलेले, वारसांची यादी दीड पानाची, त्यातला एक दुबईला. एका कचेरीत सांगितलं, जागा वर्ग झाली असणार असं गृहीत आहे. दुसरीत सांगितलं, आमच्या यादीत नाही. तिसरीत यादीच सापडत नव्हती, पण तिथल्या साहेबांनी चहा पाजला. काकांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपण तो जिभेला लावून चिकटवतो. काका चष्मा कपाळावर चढवून आधी त्याची छपाई तपासतात. "रजिस्टर हललंय," म्हणतात. "आमच्या वेळी पास झालं नसतं." तीस दिवसांच्या मुदतीत, शेवटच्या दिवशी उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही.'

काकांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. त्यांच्या लेखी तो ताम्रपट होता.

"म्हणजे जागा कुणाचीच नाही," काका म्हणाले. "म्हणजे आपली."

"आपली म्हणजे कॉलनीची ना, काका?" मी विचारलं.

"तेच म्हणतोय मी, आपली."

त्या 'आपली'मधली मेख तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

पहिल्या रविवारी श्रमदान जाहीर झालं. नऊजण आले. टिकाव एक होता. त्यामुळे एकाने खणायचं आणि आठांनी खणण्याचं शास्त्र सांगायचं, अशी विभागणी आपोआप झाली. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल असा खड्डा हवा होता. चार इंचांवर मुरूम लागला, मुरुमाखाली गुलाबी टाइल लागली, आणि टाइलचे मूळ मालक नेमके त्याच वेळी टिकाव चालवत असल्यामुळे थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. अकरा वाजता मिसळ आली. दुपारी एकला ओपन स्पेसवर दीड खड्डा होता.

उरलेले खड्डे मावशींनी केले. मावशी पेठ तालुक्याकडच्या. गावी भात आणि नागलीची शेती, इथे चार घरची धुणीभांडी, आणि नवरा शेजारच्या बिल्डिंगवर वॉचमन. श्रमदानाच्या दुसऱ्या दिवशी त्या कामाला जाता जाता थांबल्या, दीड खड्डा बघितला, टिकावाचा दांडा बघितला, आणि म्हणाल्या, "काका, पाऊस पडू द्या की एकदा. आता कशाला जीव काढता?" पाऊस पडला. मऊ झालेल्या जमिनीत मावशी आणि त्यांच्या गावाकडून आलेल्या दोघांनी चार दिवसांत सगळे खड्डे घेतले. त्यांची मजुरी काकांनी पेन्शनीतून दिली, पावती घेतली आणि मावशींचा उल्लेख 'माझ्या असिस्टंट' असा करायला सुरुवात केली. मावशींचंही काकांविषयी एक वाक्य आहे. "त्यांना बोलू द्या. पाणी मी घालते."

झाडांचा प्रश्न जास्त अवघड होता. काकांनी मधल्या काळात एक व्याख्यान ऐकलं आणि ते देशी झाडांचे झाले. त्यानंतर कुठलंही रोप आलं की आधी त्याचा गाव विचारायचा. गुलमोहर? मादागास्करचा, नको. रेन ट्री? दक्षिण अमेरिका, नको. सप्तपर्णी इथलीच, पण दिवाळीच्या सुमारास तिच्या वासाने निम्म्या कॉलनीचं डोकं चढतं, तेव्हा तीही नको. राहिले कडुनिंब, करंज, कांचन, पांगारा, बेल आणि बहावा. आयटीतल्या एका मुलाने मियावाकी पद्धत सुचवली. चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावायची, दोन-तीन वर्षांत जंगल उभं राहतं. काकांनी बारा गुंठ्यांचा हिशेब मांडला, आकडा साडेतीन हजारांच्या वर गेला. "आणि मी उभा कुठे राहू?" त्यांनी विचारलं. ही चर्चा तिथेच संपली.

काकूंना फक्त एक चाफा हवा होता, देवासाठी.

"चाफा मेक्सिकोकडचा," काका म्हणाले.

"आणि मिरची?"

काका गप्प.

"तीही तिकडचीच ना? मग उद्यापासून पिठल्यात घालत नाही."

चाफा फाटकाजवळ लागला. काकांच्या वहीत त्याची नोंद 'विशेष बाब' अशी आहे. मेक्सिकोचा आणखी एक रहिवासी मात्र काकांनी स्वतः, मोठ्या मानाने आणला. तो म्हणजे गाजरगवत खाणारा भुंगा. 1984 मध्ये शास्त्रज्ञांनी तो मुद्दाम मेक्सिकोहून भारतात आणला आणि बंगळूरजवळ सोडला. तेव्हापासून पावसाळ्यात तो देशात जिथे तिथे गाजरगवताची पानं कुरतडताना दिसतो. काका एकलहरे रस्त्याच्या कडेने हॉर्लिक्सची बाटली घेऊन हिंडले आणि भुंगे गोळा करून आले. सोडण्यापूर्वी त्यांनी ते मोजले. भुंग्यांनी दोन पावसाळ्यांत बरंच काम केलं, बाकीचं मावशींनी उपटलं, आणि श्रेय भुंग्यांना मिळालं.

खताचं प्रकरण इमारतीला जास्त महागात पडलं. जीवामृताचं प्रमाण दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. हे काही दिवस सावलीत आंबवायचं, रोज सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. काकांनी पिंप गच्चीवर ठेवलं. "लाडवांना सव्वा किलोच्या वर बेसन मागितलं की डायबिटीस आठवतो, आणि झाडांना दोन किलो?" हा काकूंचा आक्षेप आर्थिक होता. तिसऱ्या दिवशी तो सार्वजनिक झाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅस एजन्सीला फोन करून गळतीची तक्रार केली. माणूस आला, नाक वर करून जिना चढत गच्चीपर्यंत गेला, तिथे काका काठी घेऊन पिंप ढवळताना दिसले, तो तसाच पाठमोरा जिना उतरला. गाडीला किक मारताना एवढंच म्हणाला, "सिलिंडर ठीक आहे."

याच सुमारास देवाचाही प्रश्न आला. एका पहाटे जुन्या कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला दगड प्रकट झाला. आठवड्यात त्याच्यावर पत्रा आला, पंधरवड्यात दानपेटी. ओपन स्पेसचं पुढे काय होतं हे या शहरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आता विटा येणार, मग कळस, मग वर्धापनदिन. काकांनी दगडाला हात लावला नाही. ते आस्तिक आहेत, आणि भित्रेही आहेत. त्यांनी नुसती देवाभोवती चार बाजूंना बेलाची रोपं लावली आणि जाहीर केलं की पत्र्याने देव तापतो, त्याला सावली पाहिजे. बेल वाढले. आता भिंत घालायची तर बेल तोडायला हवा, आणि बेल तोडायची प्राज्ञा कुणाची? शिवाय आपल्या राज्यात 1975 पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. वर महादेव आणि खाली कायदा, अशा दुहेरी बंदोबस्तात ते देऊळ दोन फुटांवर थांबलं. काकांची ही एकच खेळी मला खऱ्या अर्थाने थोर वाटते. बाकी सगळी मेहनत आहे.

पाण्याबद्दल सांगायलाच हवं. उन्हाळ्यात टँकर परवडत नव्हता. मग काकांच्या लक्षात आलं की घराघरातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र जेवढं पाणी देतं, त्याहून जास्त मोरीत सोडतं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जिन्याखाली एक पिंप. कुणी विसरलं तर संध्याकाळी काका दारात, "आज तुमच्याकडचं पाणी आलं नाही. तब्येत बरी आहे ना?" पाझरून पाझरून निकामी झालेले माठ त्यांनी गोळा केले, रोपांशेजारी गळ्यापर्यंत पुरले आणि त्यात पाणी भरून ठेवलं. माठ आतून झिरपतो, मुळं ओल शोधत येतात, आठवडा निघतो. मे महिन्यात कॉलनीत माठ नवा असेल तर बायका घाबरून आत घेतात, अशी परिस्थिती होती.

तिसऱ्या वर्षी काका अमेरिकेला गेले. मुलगा न्यू जर्सीत, सुनेचं बाळंतपण, म्हणजे सहा महिने ड्यूटी. जाण्यापूर्वी त्यांनी मावशींना सात पानी सूचनापत्र दिलं. परिशिष्टासकट. मावशींनी पानं नीट मोजून घेतली, आणि त्यांत मेथीचं, घेवड्याचं आणि लाल भोपळ्याचं बी वेगवेगळं बांधून ठेवलं. झाडांच्या मधल्या जागेत वाफे पडले. कुंपणावर घेवडा चढला. श्रमदानाला न आलेली माणसं घेवड्याला आली. येताना हातात पाण्याची बादली आणायची आणि जाताना भाजी न्यायची, हा मावशींचा एका वाक्याचा नियम. काका नसलेल्या सहा महिन्यांत बाग सगळ्यात जास्त वाढली, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

तिकडे काका बाबागाडी ढकलत न्यूयॉर्क बघत होते. लोकांनी पुतळ्यासमोरचे फोटो पाठवले असते. काकांनी पाठवला बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या एका बागेच्या फाटकाचा, कुलूप स्पष्ट दिसेल असा. 1973 मध्ये लिझ क्रिस्टी नावाच्या चित्रकार बाईंनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी तिथला कचऱ्याने भरलेला पडीक प्लॉट साफ करून ही बाग केली. मंडळी स्वतःला 'ग्रीन गुरिल्ला' म्हणवत आणि कुंपणापलीकडच्या ओसाड जागांत बी, खत आणि पाणी भरलेले फुगे फेकत. पुढच्या वर्षी शहराने ती जागा त्यांना रीतसर भाड्याने दिली, महिना एक डॉलर. 1999 साली मात्र तिथल्या महापौरांनी शहरातल्या अशा 114 बागा लिलावात काढल्या. शेवटी बेट मिडलर या नटीची संस्था आणि आणखी एक संस्था यांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या. हे सगळं काकांनी कॉलनीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेजने सांगितलं, मागे नातवाच्या रडण्यासह. "आपल्यावर वेळ आली तर कोण आहे?" असा शेवटी प्रश्न होता. कुणीतरी एका मालिकेतल्या सासूचं नाव सुचवलं, ती कुणाच्या तरी आतेबहिणीच्या नात्यात होती.

परत आल्यावर काकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, पोरांना जमवून चिखलाचे बियाणेगोळे करायला लावले आणि ओपन स्पेसच्या मागच्या पडीक पट्टीत फेकायला सांगितले. पोरांना माती, नेम आणि मोठ्या माणसाची परवानगी या तीन गोष्टी एकदम मिळाल्या. पट्टीत किती पडले माहीत नाही. भावी नगरसेवकांच्या पांढऱ्या गाडीवर पडलेले मी स्वतः पाहिले.

दुसरी गोष्ट, काका कचेरीत गेले आणि म्हणाले, जागा भाड्याने द्या, महिना एक डॉलर. वर्षाचे बारा आगाऊ, हे घ्या. साहेबांनी नोटा उलटसुलट करून बघितल्या.

"कुठल्या हेडखाली जमा करू?"

"म्हणजे?"

"चलन कुठल्या हेडचं फाडू? डॉलरला हेड नाही."

"रुपयांत देतो."

"भाड्यालाही हेड नाही. जागा आमची आहे असं आधी ठरलं पाहिजे."

काका म्हणतात, एवढा प्रामाणिक अधिकारी त्यांना सबंध प्रकरणात दुसरा भेटला नाही.

आणि मग ती आपत्ती आली जिची काकांनी कधी कल्पनाच केली नव्हती. बाग झाली. एका एप्रिलमध्ये बहावा पहिल्यांदा नखशिखांत पिवळा झाला, आणि लोक आत येऊ लागले.

काकांनी इतकी वर्षं जागेसाठी झगडा केला तो राडारोड्याशी, गाजरगवताशी, दगडदेवाशी. त्यांतलं कुणी चपला घालून वाफ्यात चालत नव्हतं. माणसं चालत होती. पहाटे साडेपाचला पिशवी आणि आकडी घेऊन फुलं तोडणाऱ्या आज्या आल्या. हास्यक्लब आला. वाढदिवसाचे केक आले, आणि केकपेक्षा जास्त तो फोम. बाकावर एक जोडपं येऊन बसू लागलं, त्यांच्यासाठी काकांनी एक विशिष्ट खोकला तयार केला. आणि पोरं, जी पहिल्या दिवसापासून तिथे होती, ती बहाव्याला ऑफ स्टंप मानू लागली.

काकांचा मूळ स्वभाव परत वर आला. त्यांनी फाटकाशी खुर्ची टाकली आणि बाहेर जाणाऱ्यांची झडती सुरू केली. "पिशवी बघू." एका आजींच्या पदरात कण्हेरीची सात फुलं सापडली, ती काकांनी मोजून जप्त केली आणि वहीत लिहिली. आजींनी शांतपणे विचारलं, "मग आता तू काय करणार त्यांचं?" काकांनी थोडा विचार करून ती दगडदेवाला वाहिली. म्हणजे आजी जे करणार होत्या तेच.

मग नियमावली. फुले तोडू नयेत. बाकावर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये. हास्यक्लबने हळू हसावे. हे शेवटचं वाचून हास्यक्लब खरोखरच हसला, त्याआधी कधी हसला नव्हता इतका, आणि काकांनी त्याचीही नोंद केली. आलेल्या पाहुण्यांना मात्र ते फार प्रेमाने फिरवतात. मोगल काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं, हे बाहेरून आलेल्या प्रत्येकाला सांगतात, आणि अशा सुरात सांगतात की मधल्या काळात जे बिघडलं ते या बारा गुंठ्यांत दुरुस्त झालं आहे. बागेत एकही गुलाब नाही. गुलाबाला माणसं तोडतात.

निवडणूक जवळ आल्यावर निधी आला. सहा फुटी भिंत, लोखंडी फाटक, पाच-सहा व्यायामाची यंत्रं, आणि आठ बाय चारचा फलक, '... यांच्या संकल्पनेतून व विशेष प्रयत्नांतून साकारलेले उद्यान'. फोटोतला हात जोडलेला माणूस बागेत एकदाच आला होता, गाडीवरचा चिखल कुणी टाकला हे विचारायला. फलकावर काकांचं नाव नव्हतं, मावशींचं तर नव्हतंच. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फलकाच्या दोन्ही खांबांशी मधुमालती लावली. देशी आहे का, हेही विचारलं नाही. दोन पावसाळ्यांत वेल चेहऱ्यापर्यंत पोचला. 2022 च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपून सगळेच नगरसेवक माजी झाले, तोपर्यंत वाचता येण्याजोगा शब्द एकच उरला होता, 'साकारलेले'.

भिंतीचं मात्र काकांना मनापासून समाधान होतं. फाटकाला कुलूप आलं आणि नियमावलीत नववा नियम आला, तो काकांनी स्वतःच्या हाताने लिहिला. बाग सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी चार ते आठ उघडी राहील, किल्ली फक्त वॉचमनकडे राहील, इतर वेळी कोणाही व्यक्तीस, मग ती कोणीही असो, प्रवेश मिळणार नाही. 'मग ती कोणीही असो' हे शब्द बैठकीत गाळावेत असं दोघांचं मत होतं. काकांनी ते गाळू दिले नाहीत.

गेल्या मे महिन्यात, दुपारी दोनला, काकांना आठवलं की सकाळी मागच्या वाफ्यातला नळ बंद करायचा राहिला. ते टोपी घालून फाटकाशी आले. मावशींचे यजमान आता तिथे वॉचमन आहेत. खुर्ची काकांनीच दिलेली, शिट्टी काकांनीच दिलेली.

"उघड रे."

"काका, नियम नऊ."

"अरे, मी आहे."

"मग ती कोणीही असो," ते उठून उभे राहून म्हणाले. पाठ केलं होतं त्यांनी.

काका चार पावलं मागे गेले. चेहऱ्यावर संताप आणि अभिमान यांचं असं काही मिश्रण होतं की मी गॅलरीतून खाली हाक मारणार होतो, ती मारली नाही. मग ते भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिथे दोन विटा निघालेल्या आहेत. त्या विटा कुणी काढल्या याचा काकांनी वर्षभर तपास केला होता, त्यामुळे त्यांना त्या अचूक सापडल्या. एक पाय पहिल्या खाचेत, एक दुसरीत, आणि बहात्तर वर्षांचे काका भिंतीवर चढले. चढले एवढंच. पलीकडे उतरायला खाचा नव्हत्या. पोरं उडी मारतात.

पोरं आत होतीच. भर दुपारी, नळाच्या पाण्याने भिजलेल्या जागेवर, स्टंप रोवून. बॉलर रनअपच्या मध्येच थांबला. सगळ्यांनी वर बघितलं.

"काका, स्टूल आणू?" त्यांचा कॅप्टन म्हणाला. आवाजात आदर होता, पण स्टूल कुणी हलवलं नाही. "रविवारची सकाळ आम्हाला पाहिजे."

"नियम अकरा वाचलायस का?"

"मग बसा."

काका बसले. ऊन टळटळीत होतं आणि भिंतीची कड अरुंद होती. दोन ओव्हर झाल्या. एक चौकार काकांच्या चपलेला लागून गेला.

"टेनिस बॉल?" वरून आवाज आला.

"टेनिस बॉल."

"सीझन नाही?"

"नाही काका."

"स्टंप बहाव्यापासून वीस पावलं लांब. मी मोजणार."

"मोजा."

"आणि नऊच्या आत आटपायचं. आण ते स्टूल."

स्टूल आलं. दोघांनी धरलं, एकाने काकांची चप्पल धरली, आणि काकांनी पाय खाली सोडला तेवढ्यात भोपळ्याच्या मांडवाआडून मावशींचा आवाज आला. त्या केव्हापासून आत होत्या आणि कुठून आल्या होत्या, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

"काका, इकडून नको! तिकडं पलीकडून उतरा. इथं मेथी पेरलीय."